मुलांमधील मेंदूचा कर्करोग : कारणे व उपचारांचे संशोधन

मुलांच्या मेंदूत व मेरुरज्जूत उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या गाठींची कारणे शोधणे आणि त्यांवर उपचार घडवणे, हे या संशोधनाचे क्षेत्र. मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचे प्रमाण आहे. मोठ्यांच्या गाठींहून त्यांची जात निराळी असते. मोठ्यांच्या ग्लायोमावर (मेंदूतील आधारपेशींच्या गाठीवर) गुणकारी ठरलेले टेमोझोलोमाइड हे औषध मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदू व मेरुरज्जू जोडणाऱ्या भागात, गाठ झालेल्या मुलांना देऊन पाहिले गेले, पण त्यांचे आयुष्य त्याने वाढले नाही.

मोठ्यांत बहुतेक कर्करोग वर्षानुवर्षे साठत गेलेल्या जनुकीय बिघाडांतून होतो. मुलाच्या गाठीत असे बिघाड मोजकेच सापडतात, आणि ते वाढीच्या ऐन काळात घडलेले असतात. गर्भावस्थेत ज्या पेशी भराभर विभागून नंतर थांबायला हव्यात, त्यांतल्या काही थांबतच नाहीत. डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत (अनुमस्तिष्कात) होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीच्या पेशी गर्भाच्या मेंदूतल्या अपक्व पेशींशी मिळत्याजुळत्या असल्याचे एकेका पेशीच्या तपासणीतून दिसले आहे.

ली-फ्रॉमेनी, गॉर्लिन किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस यांसारखे आनुवंशिक विकार थोड्याच रुग्णांत आढळतात. बाह्य कारणांपैकी डोक्याला पूर्वी मिळालेला किरणोत्सर्ग तेवढा निर्विवाद सिद्ध झाला आहे. मोबाइल फोनविषयी १४ देशांतील १० ते २४ वयोगटाचा मोबी-किड्स हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धोका वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. ‘आमचे काय चुकले?’ या आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच ‘काहीही नाही’ असे असते, आणि ते त्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हे उपचारांचे तीन मुख्य मार्ग. संपूर्ण मेंदू आणि पाठीचा कणा यांना किरण दिल्यास मेड्युलोब्लास्टोमाची मुले जगू शकतात, हे मँचेस्टरच्या पॅटरसन व फार यांनी १९५३ मध्ये दाखवले. मात्र वाढत्या मेंदूला याची जबर किंमत मोजावी लागते : शिकण्याचा वेग मंदावतो, संप्रेरके कमी पडतात, उंची खुंटते. म्हणून तीन वर्षांखालील मुलांना किरण देणे शक्यतो टाळतात. कमी जोखमीच्या मोठ्या मुलांत केमोथेरपीची जोड देऊन किरणांची मात्रा ३६ ग्रेवरून (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) २३.४ ग्रेवर आणता आली. ती १८ ग्रेपर्यंत उतरवून पाहिली, तेव्हा लहान वयाच्या मुलांत रोग अधिक प्रमाणात उलटला. याच गाठीचे आता चार रेणवीय प्रकार मानले जातात. त्यांतल्या डब्ल्यूएनटी (पेशींच्या वाढीचा एक संकेत) प्रकारात ९० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, त्यामुळे कोणाला सौम्य उपचार पुरतील हे प्रकारानुसार ठरवण्याच्या चाचण्या होत आहेत.

सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमांत बीआरएएफ जनुकातील बदल वारंवार सापडतो. त्यावर नेमका मारा करणाऱ्या डॅब्राफेनिब व ट्रामेटिनिब या जोडीला अमेरिकेत २०२३ मध्ये आणि टोव्होराफेनिबला २०२४ मध्ये मुलांसाठी मान्यता मिळाली. नेमकी औषधेही निर्धोक नसतात. पेशींच्या वाढीचा संकेत रोखणाऱ्या व्हिस्मोडेगिबने लहान मुलांच्या हाडांची वाढ मुदतीआधीच थांबवली. गाठ ज्या संकेतावर पोसते, त्याच संकेतावर मुलाचे हाडही वाढते. या क्षेत्रातली मुख्य अडचण हीच आहे.

सर्वांत हट्टी गाठ मस्तिष्कस्तंभातील पॉन्स या मधल्या भागात पसरते. ती कापून काढता येत नाही. किरणांनी काही महिने उतार पडतो, पण निदानानंतर निम्मी मुले वर्षभरही जगत नाहीत. एमआरआयवरूनच निदान होत असल्याने दशकानुदशके तिचा तुकडा तपासायला कोणी काढत नसे, आणि संशोधकांच्या हाती काही लागत नसे. मृत्यूनंतर मुलांच्या गाठी दान करणाऱ्या कुटुंबांमुळे आणि फ्रान्समध्ये पुन्हा सुरू झालेल्या बायोप्सीमुळे ही कोंडी फुटली. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एच३ मधील एकाच जागचा बदल बहुतेक गाठींत असल्याचे २०१२ मध्ये कळले. हा बदल पेशीला अपक्व अवस्थेतच अडकवून ठेवतो. असा बदल असलेल्या गाठींवरील डॉर्डाविप्रोन या औषधाला अमेरिकेत २०२५ मध्ये सशर्त मान्यता मिळाली. स्टॅनफर्डमध्ये रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून गाठीच्या पेशींवरील जीडी२ या खुणेवर सोडल्या गेल्या; काही मुलांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. मस्तिष्कस्तंभाला सूज येण्याचा धोका मोठा असल्याने हे उपचार अतिदक्षतेच्या तयारीनेच दिले जातात.