रिपोर्टची लिंक पाठवली म्हणजे नक्की काय पाठवलं?

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शेतीचे पंप बनवणारी एक कंपनी, तिच्यासाठी आम्ही पॉवर बीआयमधे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या टूलमधे, विक्रीचा रिपोर्ट करून दिला होता आणि कंपनीला तो आपल्या १४० डीलर्सना दाखवायचा होता, प्रत्येकाला फक्त त्याचाच धंदा. दिवाळीच्या आधी हवं होतं, वेळ नव्हता, म्हणून सोपा मार्ग निघाला: प्रत्येक डीलरला वेगळी लिंक, आणि लिंकच्या शेवटी फिल्टर जोडलेला, डीलरचं नाव अमुक अमुक. लिंक उघडली की त्याचेच आकडे दिसायचे. सगळे खुश.

पंधरा दिवसांनी लातूरकडच्या एका डीलरचा फोन आला. "साहेब, वरच्या पत्त्यातलं माझं नाव खोडून शेजारच्या तालुक्यातल्या दुकानाचं नाव टाकलं तर त्याचं सगळंच दिसतंय की. त्याला माझ्यापेक्षा दोन टक्के जास्त डिस्काउंट कसा काय?"

त्याने फोन केला म्हणून आम्हाला कळलं, नाहीतर कळलंही नसतं. त्याच्याआधी किती जणांनी हे करून बघितलं आणि गप्प बसले ते आजपर्यंत माहीत नाही. आणि हे सगळं होताना कंपनी दर महिन्याला १४० लायसन्सचे पैसे भरत होती, कारण रिपोर्ट नुसता बघायलाही प्रत्येकाला प्रो नावाचं विकतचं लायसन्स लागतं. तेव्हा एका प्रो लायसन्सला दहा डॉलरच्या जरासं खाली पडायचं, म्हणजे जवळपास १४०० डॉलर महिना. कंपनीतल्या लोकांचं म्हणणं एकच होतं, अहो प्रत्येकाचं लायसन्स घेतलंय, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे, मग दुसऱ्याचं दिसलंच कसं?

ह्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेतलं पाहिजे असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं, कारण पॉवर बीआयच नाही तर असल्या कुठल्याही डॅशबोर्डच्या टूलमधे हाच घोळ होतो.

आधी तलाठ्याकडे जाऊया. तलाठ्याकडे अख्ख्या गावाचं दप्तर असतं. तुम्ही गट नंबर सांगता, तो दप्तरातून तेवढीच नोंद काढून तुम्हाला सातबाऱ्याचा उतारा देतो. आता समजा तलाठी म्हणाला, मला वेळ नाही, हे दप्तर घ्या आणि तुमच्या गटाचं पान तेवढं बघा, बाकीची पानं उलटू नका. पान तुम्हाला तेच दिसेल, पण दोन्ही गोष्टी एक आहेत का? आम्ही डीलर्सना उतारा दिलाय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात दप्तर देऊन बसलो होतो.

रिपोर्ट म्हणजे आकड्यांचा फोटो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. स्क्रीनवर जो बार चार्ट दिसतो तो उघडताक्षणी मागे एक प्रश्न विचारत असतो, अमुक डीलरची महिन्यावार विक्री सांग, आणि मागे बसलेलं इंजिन सगळ्या डेटावर तो प्रश्न चालवून उत्तर पाठवतं. ज्या डेटावर चालवतं त्याला मॉडेल म्हणतात आणि त्यात सहसा सगळंच भरलेलं असतं, सगळे डीलर, सगळी बिलं, सगळे डिस्काउंट. सगळंच का भरतात ह्याचं कारणही गमतीशीर आहे. पॉवर बीआयच्या ह्या इंजिनाचं नाव व्हर्टीपॅक, आणि ते डेटा ओळीने न ठेवता कॉलमने ठेवतं. समजा दहा लाख बिलं आहेत आणि प्रत्येकावर जिल्हा लिहिलेला आहे. महाराष्ट्रात जिल्हे ३६, मग "छत्रपती संभाजीनगर" हजारो वेळा कशाला लिहायचं? ३६ नावांची एक यादी बनवायची आणि प्रत्येक बिलासमोर फक्त यादीतला नंबर ठेवायचा, आणि ३६ पर्यंतचा नंबर लिहायला फक्त ६ बिट पुरतात. वर सारख्या ओळी एकत्र आणल्या की "सातारा, सलग एवढ्या हजार ओळी" असं एकदाच लिहून काम भागतं. डेटा इतका दाबून बसतो की प्रो लायसन्समधे मॉडेलला १ जीबीची मर्यादा असूनही त्यात काही वर्षांची बिलं आरामात मावतात. मावतात म्हणून आपण भरतो, आणि भरतो म्हणून प्रत्येक साध्यासुध्या चार्टच्या मागे अख्खं दप्तर उभं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. "फक्त ह्या डीलरचं दाखव" ही अट दोन ठिकाणी लावता येते. एक, विचारणाऱ्याच्या प्रश्नात. पानावरचा फिल्टर, स्लायसर म्हणजे पानावरच निवड करायची यादी, लिंकच्या शेवटचा फिल्टर, हे सगळं प्रश्नात लिहिलेलं असतं, आणि प्रश्न वापरणाऱ्याच्या हातात असतो म्हणून तो बदलू शकतो. लपवलेला कॉलम किंवा लपवलेलं पान पण ह्याच जातीचं, ते दिसत नाही एवढंच. रिपोर्टसोबत कुणाला मॉडेलवर बिल्ड नावाची परवानगी मिळाली असेल तर तो एक्सेलमधून थेट मॉडेलला जोडून स्वतःचे प्रश्न विचारू शकतो, तुमच्या रिपोर्टच्या पानाला हातही न लावता.

दुसरी जागा म्हणजे उत्तर देणाऱ्याकडे. ह्याला रो लेव्हल सिक्युरिटी म्हणतात, आमच्यात सरसकट आरएलएस. मॉडेलमधे नियम लिहून ठेवायचा की डीलरच्या टेबलमधे ज्या ओळीतला ईमेल लॉगिन केलेल्या माणसाच्या ओळखीशी जुळतो तेवढीच ओळ त्याच्यासाठी अस्तित्वात आहे. डीलरचं टेबल बिलांच्या टेबलला जोडलेलं असतं, त्यामुळे ही चाळणी आपोआप बिलांपर्यंत पोचते. आणि इंजिन ती बेरीज करायच्या आधी लावतं, प्रश्न काहीही असो. मग माणसाने पत्त्यात दुसऱ्याचं नाव टाकलं तरी इंजिन म्हणणार, ह्या नावाची ओळ तुझ्यासाठी नाहीच. तलाठी दप्तर स्वतःच्या हातात ठेवतो ते हे.

लायसन्स कुठे बसतं मग? लायसन्स ह्या दोन्हीत नाही. लायसन्स म्हणजे कचेरीत शिरायचा पास, आत गेल्यावर कुठलं पान दिसणार ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या क्लायंटने १४० पास काढले होते आणि दप्तर टेबलावर उघडं होतं.

आरएलएस लावलं तरी एक खड्डा राहतो आणि त्यात अनुभवी लोकसुद्धा पडतात. पॉवर बीआयच्या वर्कस्पेसमधे, म्हणजे रिपोर्ट ठेवायच्या सामायिक जागेत, चार रोल असतात, ॲडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर आणि नुसता बघणारा व्ह्यूअर, आणि आरएलएसची चाळणी फक्त व्ह्यूअरला लागते. वरचे तिघे डेटा बनवणारे समजले जातात, त्यांना सगळंच दिसतं. कुणाला रिपोर्ट उघडत नाही म्हणून तक्रार आली की घाईत त्याला मेंबर करून टाकायची सवय असते, लगेच उघडतो, तक्रार मिटते, आणि त्या क्षणी त्या माणसासाठी तुमचे सगळे नियम संपलेले असतात.

पैशाचं गणित आता थोडक्यात. प्रो लायसन्स माणशी महिना, एप्रिल २०२५ पासून ९.९९ वरून १४ डॉलर झालं. बनवणाऱ्यालाही लागतं आणि बघणाऱ्यालाही. दुसरा रस्ता म्हणजे माणसं न मोजता मशीनची ताकद भाड्याने घ्यायची, त्याला कपॅसिटी म्हणतात. तिचे लहानमोठे आकार एफ२, एफ६४ अशा नावांनी ओळखले जातात, आणि त्यात एफ६४ किंवा त्याच्या वरची घेतली तर नुसतं बघणाऱ्यांना फुकटचं लायसन्स चालतं, बनवणाऱ्यांना मात्र प्रो लागतंच. वर्षभराचं बुकिंग केलं तर एफ६४ महिन्याला ५००० डॉलरच्या आसपास जाते. भागाकार करून बघा, जुन्या दराने बघणारे ५०० झाले की कपॅसिटी परवडायची, नव्या दराने ३५७ च्या आसपासच ती रेघ येते. एफ६४ च्या खालच्या सगळ्या छोट्या कपॅसिटींवर बघणाऱ्याला प्रो लागतं, हे विसरून कितीतरी जण एफ२ घेऊन मोकळे होतात आणि मग लोकांना रिपोर्ट उघडत नाही म्हणून हैराण होतात.

बाहेरची माणसं असतील, म्हणजे डीलर, ऑडिटर, पुरवठादार, तर त्यांना आपल्या संस्थेत पाहुणा म्हणून घेता येतं. पाहुण्याकडे त्याच्या स्वतःच्या कंपनीचं प्रो असेल तर ते चालतं, नसेल तर आपण द्यायचं, किंवा रिपोर्ट मोठ्या कपॅसिटीवर ठेवायचा. पण बाहेरचे शेकडो असतील आणि तुमची स्वतःची वेबसाइट किंवा ॲप असेल तर रिपोर्ट त्यातच बसवणं मला जास्त बरं वाटतं. त्यात तुमचं ॲप मायक्रोसॉफ्टकडे जाऊन सांगतं की हा अमुक ग्राहक आहे, ह्याच्यापुरता दाखव, आणि थोड्या वेळापुरतं चालणारं टोकन, म्हणजे डिजिटल परवाना, घेऊन येतं. ग्राहकाला पॉवर बीआयचं लायसन्स लागत नाही, मायक्रोसॉफ्टचं खातंही लागत नाही, आणि इथे छोटी कपॅसिटीसुद्धा चालते. फक्त हा अमुक ग्राहक आहे हे सांगायची जबाबदारी आता पूर्ण तुमच्या ॲपवर आली, तिथे चूक झाली तर वाचवायला कुणी नाही.

आणि एक बटण आहे ज्याला मी खरंच घाबरतो, पब्लिश टू वेब. त्यातून मिळणारी लिंक इंटरनेटवरचा कुणीही उघडू शकतो, लॉगिन नाही, काही नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की चार्टमधे बेरीज दिसत असली तरी तिच्या मागचा बारीक तपशीलही त्यात उघडा होतो. पावसाची आकडेवारी, धरणातला साठा असल्या गोष्टींसाठी ते छान आहे. माणसांच्या डेटासाठी कधीच नाही.

मागचा तपशील बाहेर पडला की काय होतं, हे नॉर्दर्न आयर्लंडच्या पोलिसांना विचारा. ऑगस्ट २०२३ मधे त्यांच्याकडे माहिती अधिकारात साधा प्रश्न आला होता, कुठल्या पदावर किती लोक आहेत. उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली, वर नीटनेटका तक्ता, आणि त्याच फाइलमधे एक लपलेली शीट, ज्यात ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, नावाची आद्याक्षरं, पद, नेमणुकीचं ठिकाण. फाइल काही तास वेबसाइटवर होती. जिथे पोलिसात असणं लोक शेजाऱ्यापासूनही लपवतात, गाडीखाली बॉम्ब नाही ना हे बघून मगच निघतात, तिथे ही यादी पोलिसांवर हल्ले करणाऱ्या गटांच्या हाती गेली. पुढच्या वर्षी साडेसात लाख पौंडांचा दंड झाला, पण ज्यांची नावं गेली त्यांच्यासाठी दंडाने काय बदललं? एका लपवलेल्या शीटला कुणीतरी सुरक्षा समजलं होतं. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता असं समजा की आरएलएस चोख आहे, रोल बरोबर आहेत, तरीही साध्या वजाबाकीने गुपित बाहेर पडू शकतं. डीलर म्हणाला, मला माझी विक्री दाखवा आणि तालुक्याची एकूण पण दाखवा, म्हणजे मी कुठे आहे ते कळेल. मागणी रास्त आहे. पण तालुक्यात दोनच डीलर असतील तर एकूणमधून स्वतःचं वजा केलं की शेजाऱ्याचं हातात. ह्याचा मोठा भाऊ म्हणजे डेटाच्या खासगीपणावर संशोधन करणाऱ्या लटान्या स्वीनी ह्यांचं काम. त्यांनी २००० साली दाखवलं की पिन कोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकटे ओळखू येऊ शकतात, नाव लागतच नाही. त्याआधी त्यांनी नावं काढून टाकलेल्या दवाखान्याच्या डेटातून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचीच नोंद मतदार यादीशी जुळवून शोधून काढली होती. म्हणून एकूण आकडा दाखवायचा असेल तर एक किमान संख्या ठरवावी लागते, तेवढी माणसं त्या गटात नसतील तर आकडा दाखवायचाच नाही.

बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे पॉवर बीआयमधलं बीआय, हे नाव वापरून हान्स पीटर लून ह्या आयबीएमच्या संशोधकाने १९५८ मधे लेख लिहिला होता. त्यात रंगीत चार्ट नाहीत. आलेली माहिती संस्थेतल्या कुठल्या माणसाला जायला हवी हे मशीनने कसं ठरवायचं, प्रत्येकाच्या गरजेची नोंद ठेवून त्याला तेवढंच कसं पोचवायचं, हाच त्या लेखाचा गाभा आहे. चार्ट नंतर आले आणि आपण चार्टमधेच अडकलो.

पंपवाल्या कंपनीचं सांगायचं राहिलं. आम्ही त्याच रात्री सगळ्या लिंक बंद केल्या, नियम मॉडेलमधे लिहिला, सगळ्या डीलर्सना व्ह्यूअर केलं, तालुक्याची बेरीज काढून जिल्ह्याची सरासरी दिली, ती पण जिल्ह्यात पाच डीलर असतील तरच आणि वेगळ्या टेबलमधून, कारण मूळ बिलांवर आता प्रत्येकाला स्वतःचंच दिसणार होतं. लायसन्स तीच, महिन्याचे पैसे तेच, एक रुपया जास्त लागला नाही. मग लातूरच्या त्या डीलरला फोन केला, झालं ते सांगितलं, माफी मागितली आणि म्हटलं, सगळ्यांच्या आधी तुम्हालाच उघडून देतो, बघा शेजारचं दिसतंय का. त्याने अर्धा तास खटपट केली, पत्त्यात नाव बदललं, फिल्टर काढले, जे सुचेल ते केलं. शेवटी फोनवर म्हणाला, "रिकामं पान येतंय साहेब. आता पाठवा सगळ्यांना."