आईच्या रक्तात बापाची खूण

आईचं रक्त नाळेतून बाळाच्या अंगात वाहतं, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं होत नाही. नाळेचं दुसरं टोक गर्भाशयातल्या ज्या अवयवाला जोडलेलं असतं त्या वारेत दोघांचं रक्त शेजारून वाहतं, मध्ये पेशींचा पातळ पडदा असतो. प्राणवायू आणि साखर पलीकडे जातात, रक्त मात्र आपापल्या वाटेनेच राहतं. त्यामुळे गरोदर बाईच्या दंडातून घेतलेल्या रक्तावरून बाळाचा बाप कोण हे कळतं, असं सांगितलं की लोकांना ती थाप वाटते. थाप नाही ती. मला तर जीवशास्त्रातली ती सर्वांत देखणी युक्ती वाटते.

१९९७ साली डेनिस लो हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की पोटात मुलगा असलेल्या बाईच्या रक्तद्रवात वाय गुणसूत्राचे, म्हणजे फक्त पुरुषांकडे असणाऱ्या डीएनएचे तुकडे सापडतात. रक्तद्रव म्हणजे रक्तातल्या पेशी काढून टाकल्यावर उरणारं पिवळसर पाणी. हे तुकडे येतात वारेतून. वारेच्या पेशी सतत मरत असतात आणि त्यांचा डीएनए आईच्या रक्तात सांडतो. दहाव्या आठवड्याच्या सुमारास रक्तद्रवातल्या मोकळ्या डीएनएत वारेचा वाटा साधारण १०% असतो, कुणात बराच कमी, कुणात जास्त. वार आणि बाळ एकाच फलित बीजातून वाढतात, म्हणून वारेचा डीएनए हा बाळाचाच धरायचा.

उरलेला ९०% आईचा. त्या गर्दीत बापाचं काय ते कसं ओळखायचं? इथे जरा सावकाश वाचा.

डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांची लांबच लांब माळ, आणि प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आपल्या डीएनएत अशा लाखो जागा आहेत, जिथे माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. अशी एक जागा घेऊ. तिथे आईकडे दोन्ही प्रतींत ए आहे आणि संशयित पुरुषाकडे दोन्हींत जी. बाळ त्याचं असेल तर बाळाकडे एक ए आणि एक जी असलाच पाहिजे. आता रक्तद्रवातले त्या जागेचे १००० तुकडे वाचले. ९०० आईचे, सगळे ए. १०० वारेचे, त्यात ५० ए आणि ५० जी. म्हणजे एकूण ९५० ए, ५० जी. आईकडे नसलेलं अक्षर ५% तुकड्यांत दिसलं, ते बापाकडूनच आलं. जी मिळालाच नाही, तर ही जागा त्या पुरुषाच्या विरुद्ध साक्ष देते.

पण एका जागेने काहीच ठरत नाही, कारण जी इतर पुरुषांकडेही असतो. समजा बाळाला जी देण्याची शक्यता कुठल्याही पुरुषाच्या बाबतीत निम्मी आहे. मग अशा स्वतंत्र १० जागा योगायोगाने जुळण्याची शक्यता १०२४ मध्ये एक, आणि २० जागा जुळण्याची दहा लाखांत एकाहूनही कमी. प्रत्यक्षात शेकडो, हजारो जागा तपासतात. आईची अक्षरं त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशींवरून कळतात, पुरुषाची गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावरून.

खरी अडचण वाटा कमी असला की येते. वारेचा डीएनए २%च असेल तर १००० तुकड्यांत जी फक्त १० येतील, आणि वाचनयंत्राच्या चुकाही त्याच्या आसपास पोचू लागतात. शिवाय वारेचे तुकडे आखूड असतात, साधारण १४३ अक्षरांचे, तर आईचे १६६ च्या आसपास. न्यायवैद्यक चाचण्यांत डीएनएतले तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे पट्टे मोजतात, त्यांतले बरेच याहून लांब असतात. म्हणून इथे एका अक्षराच्या जागाच कामी येतात. दोन सख्खे भाऊ संशयित असतील तर ते प्रयोगशाळेला आधी सांगावंच लागतं. ते जुळे आणि हुबेहूब असतील तर ही चाचणी निरुपयोगी ठरते.

जाहिरातीत '९९.९९% अचूक' असं छापलेलं असतं. वारेचा वाटा किती निघाला हे न सांगता तो आकडा पोकळ आहे. आणि पोटाच्या आकारावरून मुलगा-मुलगी सांगणाऱ्यांच्या बोलण्याला तर कसलाच आधार नाही. याच रक्तातून लिंगही कळतं, आणि म्हणूनच हे तंत्र आपल्याकडे जपून हाताळायला हवं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिल्यांदा कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. प्रसूतिपूर्व चाचण्यांसाठी केंद्राच्या कायद्याने मान्य केलेली कारणं आजारांची आणि व्यंगांची आहेत, पितृत्व त्यांत नाही. हे मला योग्यच वाटतं. संशयाने पेटलेल्या घरात गरोदर बाईच्या हाती असा अहवाल देणं म्हणजे तिला एकटं पाडणं आहे.

आधीच्या बाळंतपणाचा डीएनए रक्तात उरून घोटाळा होणार नाही का, असं कुणी विचारेल. बाळाच्या पेशी आईच्या शरीरात खरोखरच उरतात. मुलगा झाल्यावर २७ वर्षांनीही त्या सापडल्या आहेत. मोकळ्या तुकड्यांचं तसं नाही. बाळंत झाल्यावर दर १६ मिनिटांच्या सुमारास ते निम्मे होत जातात आणि दुसऱ्या दिवशी बाईच्या रक्तात त्यांचा मागमूस राहत नाही.