ग्राफीन अवरक्त संवेदक

ग्राफीनच्या पृष्ठभागालगत अवरक्त प्रकाश कोंडून अत्यल्प प्रमाणातले रेणू ओळखणारे साधन. ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकच थर, जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर.

रेणूतले बंध सतत कंप पावतात आणि आपल्या कंपनाशी जुळणारा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. कोणती तरंगलांबी क्षीण झाली हे पाहिले की रेणू कोणता ते कळते. त्याला रंगद्रव्य किंवा दुसरी खूण चिकटवावी लागत नाही, हे या पद्धतीचे मोठे बलस्थान. अडचण मापाची आहे. प्रथिनांच्या कण्यातील अमाइड बंध ६ ते ६.५ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, तर प्रथिनाचा रेणू साधारण १० नॅनोमीटरचा. आपल्या सहाशेपट लांबीच्या तरंगावर असा रेणू जेमतेम परिणाम करतो.

ग्राफीनच्या काही डझन नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्या कोरल्या, की अवरक्त प्रकाशाने त्यांतले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावू लागतात. या सामूहिक हेलकाव्यांना प्लाझ्मॉन म्हणतात. त्यांच्यामुळे प्रकाशाची ऊर्जा पट्टीलगत आकसून येते, नेमकी जिथे रेणू बसलेला असतो तिथे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील हातिजे अल्तुग आणि बार्सिलोनाजवळच्या संस्थेतील हाविएर गार्सिया दे आबाखो यांच्या गटांनी २०१५ मध्ये प्रथिनांवर हे दाखवले. त्यांच्या मांडणीत ९० टक्के ऊर्जा पृष्ठभागापासून सुमारे १५ नॅनोमीटरच्या आत सामावली होती. याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म अँटेनांत तेवढ्याच ऊर्जेला सुमारे ५०० नॅनोमीटर लागतात.

पण त्याहून मोलाचा गुण म्हणजे जुळवणूक. सोन्याची अँटेना एकदा घडवली की तिची अनुनादी तरंगलांबी, म्हणजे जिला ती सर्वांत जोरात प्रतिसाद देते ती, ठरून जाते. ग्राफीनमध्ये मात्र विद्युतदाब बदलला की इलेक्ट्रॉनांची घनता बदलते आणि अनुनाद सरकतो. रेडिओचे बटण फिरवून स्टेशन लावावे, तशी एकाच चकतीवर एकामागून एक कंपने तपासता येतात.

पट्ट्यांखालचा थरही महत्त्वाचा आहे. नेहमीच्या सिलिकॉन डायऑक्साइडची स्वतःची कंपने प्लाझ्मॉनमध्ये मिसळतात आणि वर्णपटाचा काही भाग वाचणे अवघड होते. कॅल्शियम फ्लुओराइडचा पातळ थर वापरून ही लुडबूड बरीच टाळता येते. पाण्याचा अडथळा मात्र अधिक चिवट आहे: पाणी ६.१ मायक्रोमीटरजवळ, म्हणजे प्रथिनांतले अमाइड बंध जिथे प्रकाश शोषतात त्याच्या अगदी शेजारीच, जोरात प्रकाश शोषते. त्यामुळे रक्तासारख्या ओल्या नमुन्यात प्रथिन शोधणे वाळवलेल्या थरापेक्षा कितीतरी कठीण जाते.