स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची खांदेदुखी : भौतिकोपचार

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या बाजूचा खांदा दुखणे, आखडणे किंवा हात पूर्ण वर न जाणे, यांवर व्यायाम व हाताने केलेल्या उपचारांनी आराम मिळवून देणारी पद्धत. प्रचलित नाव फिजिओथेरपी.

शस्त्रक्रिया खांद्याच्या सांध्यावर झालेली नसते, तरी तो दुखतो. काखेतील लसिका ग्रंथी (लिम्फ नोड, म्हणजे शरीरातील लसिका हा द्रव गाळणाऱ्या लहान गाठी) काढताना आजूबाजूच्या ऊती व मज्जातंतू दुखावतात, छातीचे स्नायू आखडतात. टाके ओढतील या भीतीने रुग्ण हात अंगाशी धरून, खांदे पुढे पाडून वावरतात आणि त्याने आखडलेपणा वाढतो. किरणोपचारामुळे ऊती घट्ट होण्याची प्रक्रिया तर उपचार संपल्यावरही चालू राहू शकते. एकदोन ग्रंथीच तपासणीसाठी काढल्या असतील तर त्रास सहसा कमी असतो.

दुखणे एकच असले तरी कारणे वेगळी असतात, म्हणून सरसकट एकच व्यायाम देणे चुकीचे. हात बाजूने वर नेताना काखेतून कोपराकडे त्वचेखाली ताणलेली दोरी दिसत असेल, तर हलका ताण व मालिश उपयोगी पडते. ही दोरी बहुधा काही महिन्यांत ओसरते. भिंतीला तळवे टेकवून ढकलताना खांद्याचे पाते पाठीपासून पंखासारखे उचलले जात असेल, तर त्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू दुखावलेला असतो. तेथे ताणण्यापेक्षा पात्याभोवतीच्या स्नायूंना बळ देणे महत्त्वाचे. दंडाच्या आतल्या बाजूची बधिरता वा जळजळ मज्जातंतूची असते, ती नुसत्या ताणाने जात नाही.

पहिल्या काही दिवसांत बोटे, मनगट, कोपर हलवणे, दीर्घ श्वास आणि खांदे मागे नेणे एवढेच करतात; हात खांद्याच्या उंचीपर्यंतच नेतात. त्यापुढे काठीच्या आधाराने हात उचलणे आणि भिंतीवर बोटे चालवत वर नेणे हे व्यायाम सुरू होतात. भिंतीवर बोटे चढवताना रुग्ण नकळत खांदा कानाकडे उचलतात किंवा कंबर वाकवतात. बोटे वर पोचतात, पण सांधा जागचा हलत नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाची नजर येथेच लागते. जखम भरल्यावर व्रणाची मालिश करतात. स्तनाची पुनर्रचना झाली असल्यास व्यायामाच्या मर्यादा शल्यचिकित्सकच ठरवतात.

ब्रिटनमधील ‘प्रॉस्पर’ या चाचणीत (‘बीएमजे’ हे वैद्यकीय नियतकालिक, २०२१) खांद्याच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या ३९२ स्त्रिया होत्या. शस्त्रक्रियेनंतर ७ ते १० दिवसांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षभरानंतर अधिक चांगला चालत होता. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताने वजन उचलल्याने तो सुजतो ही समजूत खोलवर रुजलेली आहे. पण आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांच्या अमेरिकेतील चाचणीत (२००९) देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवल्याने सूज वाढली नाही. ही माहिती प्रत्येक रुग्णापर्यंत पोचायला हवी, कारण भीतीपोटी हात न वापरल्याने तो दुबळा होतो.

किरणोपचाराच्या वेळी बहुधा हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवावा लागतो, म्हणून तेवढी हालचाल त्याआधी परत यावी लागते. किरणोपचारानंतरही ताणाचे व्यायाम कित्येक महिने चालू ठेवतात. हात अचानक सुजणे, लाल व गरम होणे, ताप येणे किंवा विश्रांतीतही न थांबणारे, वाढत जाणारे नवे हाडदुखणे असल्यास व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.