डायनॅमिक मेथड-कॉल (अपाची कॅमल)

डायनॅमिक मेथड-कॉल : ऑब्जेक्टची (माहिती आणि कृती एकत्र बांधलेल्या प्रोग्रॅममधील घटकाची) कोणती मेथड (नाव दिलेली कृती) चालवायची हे प्रोग्रॅम लिहितानाच पक्के न करता, तो चालू असताना नावावरून ठरवण्याचे तंत्र. संदेशांची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअर-चौकटींमध्ये याचे महत्त्व फार. संदेश कोणत्या वाटेने जाईल हे एक जण लिहितो. संदेशावर प्रत्यक्ष काम करणारा क्लास (ऑब्जेक्टचा आराखडा) मात्र दुसऱ्याच कोणी, कधी कधी पुष्कळ वर्षे आधी लिहून ठेवलेला असतो. त्या जुन्या क्लासला संदेश, हेडर (संदेशासोबत नाव आणि किंमत अशा जोडीने जाणारी माहिती), रांग यांपैकी कशाचीही ओळख नसते. दोघांची गाठ घालून देण्याचे काम चौकटीला करावे लागते. जावा भाषेतील अपाची कॅमल या चौकटीतील ‘बीन’ हा, साध्या जावा ऑब्जेक्टची मेथड चालवणारा घटक म्हणजे या तंत्राचे सर्वांत परिचित उदाहरण, म्हणून ही नोंद त्याच्या आधारे लिहिली आहे.

ग्रेगर होपे आणि बॉबी वूल्फ यांनी २००३ साली ‘एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या पुस्तकात संदेशवहनाचे ६५ नमुने नावानिशी मांडले. त्यातील ‘सर्व्हिस ॲक्टिव्हेटर’ हा नमुना नेमका याच गाठीबद्दल आहे : संदेश येताच एखादी साधी सेवा चालवायची, आणि सेवेला मात्र आपल्याला संदेशाने जागे केले याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. २००७ मध्ये ॲक्टिव्हएमक्यू या संदेशवहन-सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या कुशीत सुरू झालेल्या कॅमलने हे नमुने थेट चालवता येतील अशा रूपात आणले. कल्पना त्याहून जुनी आहे. स्मॉलटॉक भाषेत मेथड चालवणे म्हणजेच ऑब्जेक्टला संदेश पाठवणे, आणि तो कोणता हे नावाने आयत्या वेळी सांगण्याची सोयही तिथे होती. जावात तसा मोकळेपणा नाही. तिथे कॉल कंपायलरकडून (कोडचे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडून) तपासून घ्यावा लागतो आणि नावावरून मेथड शोधायची तर रिफ्लेक्शनची, म्हणजे चालू प्रोग्रॅमने क्लासची रचना धुंडाळण्याची, वाट धरावी लागते.

कॅमलमध्ये रूट (संदेशाची वाट) लिहिताना ‘बीन’ हा शब्द, बीनचे, म्हणजे त्या ऑब्जेक्टचे, कॅमलच्या नोंदवहीतील नाव आणि हवी असल्यास मेथड एवढेच लिहिले की पुरते. पहिल्यांदा गरज पडते तेव्हा कॅमल त्या क्लासच्या सार्वजनिक मेथड धुंडाळतो, प्रत्येकीची पॅरामीटर (मेथडला द्यायच्या किमतींच्या जागा) आणि त्यांवरील ॲनोटेशन (कोडला चिकटवलेल्या खुणा) टिपून ठेवतो आणि ही माहिती कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जपतो. पुढच्या संदेशांसाठी हा शोध नव्याने होत नाही. रिफ्लेक्शन संथ असते ही तक्रार जुन्या काळी खरी होती. पण ज्या रूटमध्ये डेटाबेस किंवा नेटवर्क येते, तिथे या एका कॉलचा खर्च शोधूनही सापडणार नाही.

मेथडचे नाव दिलेलेच नसेल तर काय, हा या घटकाचा सर्वांत रंजक भाग. ‘हँडलर’ हे ॲनोटेशन एकाच मेथडवर असेल तर ती निवडली जाते. बीन स्वतःच कॅमलचा प्रोसेसर (संदेश हाताळण्यासाठी कॅमलने ठरवलेल्या साच्यातला क्लास) असेल तर त्याची ठरलेली मेथड चालते. चालवण्याजोगी एकच मेथड असेल तर प्रश्नच मिटला. अनेक असतील तर संदेशाच्या बॉडीचा (मुख्य मजकुराचा) प्रकार कोणत्या पॅरामीटरशी जुळतो ते पाहिले जाते, आणि तरीही दोन उमेदवार उरले तर कॅमल अंदाज बांधत नाही, ‘ॲम्बिग्युअस मेथड कॉल’ (संदिग्ध मेथड-कॉल) हे एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चूक-सूचना, फेकतो. हा निर्णय अगदी योग्य आहे. पैशाच्या व्यवहारात चुकीची मेथड गुपचूप चालण्यापेक्षा रूट थांबलेला शतपटीने बरा. मात्र यातून एक सापळा तयार होतो. आज एकच मेथड आहे म्हणून नाव न लिहिता सोडून दिलेला रूट, उद्या कोणी त्या क्लासमध्ये दुसरी सार्वजनिक मेथड घातली की मोडू शकतो. आणि मेथड घालणाऱ्याला तो रूट अस्तित्वात आहे हेसुद्धा ठाऊक नसते. नाव लिहिण्याचा आळस करू नये तो यासाठी.

नाव लिहिले तरी ते शेवटी अवतरणचिन्हांतला मजकूर आहे. कोड लिहिण्याच्या संपादक-प्रणालीतून मेथडचे नाव बदलले तर रूटमधले बदलेलच असे नाही. नाव रूटमध्ये पक्के असेल तर चूक रूट उभा राहतानाच पकडली जाण्याची शक्यता असते. तेच नाव संदेशातून येणार असेल, तर तो संदेश येईपर्यंत कोणालाच काही कळत नाही.

मेथड ठरली, आता तिच्या पॅरामीटरमध्ये काय भरायचे? काहीच सांगितले नसेल तर पहिल्या पॅरामीटरमध्ये बॉडी जाते, आणि प्रकार वेगळा असला तर कॅमलचे टाइप कन्व्हर्टर रूपांतराचा प्रयत्न करतात. पॅरामीटरचा प्रकार एक्स्चेंज (संदेशाला रूटभर वाहून नेणारे वेष्टन), मेसेज (संदेश) किंवा कॅमल काँटेक्स्ट (चालू असलेली कॅमल-यंत्रणा) असेल तर ते न मागताच मिळते. बाकीच्यांसाठी ॲनोटेशन आहेत : हेडरमधली किंमत हवी असेल तर ‘हेडर’, एक्स्चेंजवर ठेवलेली हवी असेल तर ‘एक्स्चेंज प्रॉपर्टी’, एक्सएमएलमधला तुकडा हवा असेल तर ‘एक्सपाथ’. क्लासला हात लावायचा नसेल, किंवा त्याचा सोर्स आपल्या ताब्यातच नसेल, तर रूटमध्येच मेथडच्या नावापुढे कंसात सिंपल या कॅमलच्या छोट्या भाषेतील पदावल्या देता येतात. एकाच नावाच्या अनेक मेथड असतील तर त्याच कंसात प्रकार लिहून हवी ती निवडता येते. मेथडने काही परत दिले तर ते नवी बॉडी होते. काहीच परत न देणारी मेथड असेल तर जुनी बॉडी जशीच्या तशी पुढे जाते. मेथडमधून एक्सेप्शन निघाले तर रिफ्लेक्शनने त्याला घातलेले वेष्टन काढून मूळ एक्सेप्शनच एरर हँडलरपर्यंत (चुका हाताळणाऱ्या भागापर्यंत) पोहोचवले जाते, ही छोटी गोष्ट रूट लिहिणाऱ्याचे मोठे काम वाचवते.

बीन नोंदवहीत एकच असेल तर अनेक थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे धागे) तोच ऑब्जेक्ट एका वेळी वापरतात. त्याच्या फील्डमध्ये (ऑब्जेक्टच्या आतल्या साठवणीत) चालू संदेशाची माहिती साठवली, तर एकाचे बिल दुसऱ्याच्या नावावर जायला वेळ लागत नाही. गरज पडल्यास दर संदेशाला किंवा दर वापराला नवा ऑब्जेक्ट मागता येतो.

हेडरमधून येणारे नाव

आता मुख्य मुद्दा. नाव कोण पुरवतो? ‘कॅमलबीनमेथडनेम’ असे एक हेडर आहे. संदेशात ते असेल तर त्यातील नावाची मेथड चालते, आणि रूटमध्ये लिहिलेल्या नावावरही ते मात करते. रूटमध्ये आधीच्या टप्प्यावर आपणच ते हेडर भरले असेल तर ही सोय उपयोगी आहे. पण हेडर बाहेरूनही येतात. एचटीटीपी (वेबवरून येणाऱ्या) विनंतीची हेडर कॅमल संदेशाच्या हेडरमध्ये उतरवतो, म्हणून आत येताना एक गाळणी असते : ‘कॅमल’ने सुरू होणारी हेडर बाहेरून स्वीकारायची नाहीत.

मार्च २०२५ मध्ये या गाळणीतले भोक जाहीर झाले. सीव्हीई (सुरक्षा-दोषांची जाहीर यादी) मध्ये सीव्हीई-२०२५-२७६३६ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. गाळणी ‘कॅमल’ हा शब्द दोनच रूपांत ओळखत होती : पहिले रोमन अक्षर कॅपिटल असलेले आणि सगळी अक्षरे लहान असलेले. त्यातले दुसरे अक्षरही कॅपिटल लिहिले की हेडर गाळणीतून आत सरकत असे. आत गेल्यावर मात्र कॅमलचा हेडर-संग्रह लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, त्यामुळे तेच हेडर बिनतक्रार ओळखले जाई. दारावरचा पहारेकरी अक्षरे काटेकोर पाहणारा आणि आतला कारकून न पाहणारा, एवढ्या विसंगतीवर सारा दोष उभा होता. परिणाम असा की, ज्या रूटमध्ये एचटीटीपीवरून आलेला संदेश थेट बीनकडे जातो, तिथे बाहेरचा माणूस त्याच बीनची दुसरी मेथड चालवू शकत होता. शोधण्याची मेथड उघडी ठेवावी आणि कोणी पुसण्याची चालवावी, असा तो प्रकार. काही दिवसांतच सीव्हीई-२०२५-२९८९१ ही दुसरी नोंद आली. हेडरऐवजी पत्त्यातील क्वेरी पॅरामीटरमधूनही तेच साधता येत होते. ३.२२.४, ४.८.५ आणि ४.१०.२ या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती झाली.

दुरुस्त आवृत्ती घेणे हे पहिले काम खरे, पण माझ्या मते दोष केवळ गाळणीचा मानू नये. बीनमध्ये रूटला नको असलेल्या सार्वजनिक मेथड असतात, म्हणून चोराला हात घालायला काहीतरी मिळते. रूटसमोर येणारा क्लास छोटा ठेवावा, त्यात रूटला लागणाऱ्या तेवढ्याच मेथड सार्वजनिक असाव्यात. बाहेरच्या संदेशाचे स्वागत करताच अनोळखी हेडर काढून टाकावीत. त्यासाठी कॅमलमध्ये ‘रिमूव्ह हेडर्स’ हा टप्पा आहेच. आणि कृती खरोखरच संदेशावरून ठरवायची असेल, तर संदेशातला शब्द मेथडचे नाव म्हणून वापरू नये. ‘चॉइस’ हा टप्पा घ्यावा, ‘नवी’, ‘बदल’, ‘रद्द’ अशा मोजक्या शब्दांसाठी एकेक शाखा लिहावी, प्रत्येक शाखेत मेथडचे नाव हाताने लिहावे आणि यादीबाहेरचा शब्द आला तर संदेश नाकारून त्याची लॉगमध्ये नोंद करावी. चार ओळी जास्त होतात. पण सहा महिन्यांनी तो रूट उघडणाऱ्याला कोणकोणत्या मेथड चालू शकतात हे तिथल्या तिथे वाचता येते.