पोटॅशियम बाहेर पडतं तेव्हा

मेंदू विजेवर चालतो हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. चेतापेशी सोडियम, पोटॅशियमचे भारित कण, म्हणजे आयन, पटलातून आतबाहेर करतात आणि त्यातून संदेश पुढे सरकतो. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशींना वीज कशाला हवी? त्यांना ना संदेश दूर धाडायचा असतो, ना स्नायू हलवायचा. तरीही १९८४ साली टी पेशींना (या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) अतिसूक्ष्म काचनळी चिकटवून प्रवाह मोजला गेला, तेव्हा व्होल्टेज बदलताच उघडणारी पोटॅशियमची वाहिनी तिथेही सापडली. अगदी चेतापेशींत असते तसलीच. काचनळीची ही युक्ती, ‘पॅच क्लॅम्प’, एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांची. एकेका वाहिनीतून जाणारा प्रवाह मोजून दाखवल्याबद्दल त्यांना १९९१चं नोबेल मिळालं.

आयन वाहिनी म्हणजे पेशीच्या पटलात रुतलेलं, मधून पोकळ असं प्रथिन. पोटॅशियमची वाहिनी सेकंदाला कोटीभर आयन सोडू शकते, आणि त्याच वेळी आकाराने लहान असलेल्या सोडियमला अडवते. मोठ्याला वाट आणि लहानाला मज्जाव! याचं उत्तर रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८मध्ये वाहिनीची रचना उलगडली तेव्हा मिळालं. पाण्यात असताना आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं वेष्टण असतं. वाहिनीत शिरताना ते उतरवावं लागतं. आतले ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले असतात, की पोटॅशियमला त्या पाण्याची उणीव भासत नाही. सोडियम मात्र इतका लहान, की त्याला हा आधार पुरत नाही; त्यापेक्षा बाहेर पाण्यात राहणंच त्याला परवडतं.

आता टी पेशीकडे वळू. तिला शत्रूची खूण पटली, की पेशीच्या आतला कॅल्शियमचा साठा रिकामा होतो. ते जाणवताच पटलातली ‘ओराय’ नावाची वाहिनी उघडते. (ग्रीक पुराणात स्वर्गाच्या दारावर पहारा देणाऱ्या देवतांचं हे नाव.) बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त, त्यामुळे ते धावत आत येतं. पण धनभार असाच आत साचत गेला तर ओघ आपोआप मंदावेल. म्हणून पोटॅशियमने बाहेर पडत राहायचं, भाराचा हिशेब राखायचा. कॅल्शियम टिकून राहिलं तरच केंद्रकातली जनुकं जागी होतात आणि पेशी लढायला उभी राहते. ओरायच्या जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या बाळांमध्ये टी पेशी असतात, पण कामाच्या नसतात. साधा संसर्गही जिवावर बेततो.

मेंदूत पहारा असतो मायक्रोग्लियाचा, म्हणजे मेंदूतल्याच रोगप्रतिकारक पेशींचा. १९१९मध्ये पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी या पेशी वेगळ्या ओळखल्या. पुढे कित्येक दशकं असं मानलं गेलं की इजा होईपर्यंत त्या स्वस्थ बसलेल्या असतात. २००५मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत त्यांचं चित्रण झालं, आणि दिसलं ते उलटंच: फांद्या अखंड हलताहेत, आसपास चाचपताहेत. या फांद्या पसरलेल्या राहाव्यात म्हणून थिक-१ नावाच्या वाहिनीतून पोटॅशियम सतत झिरपत असतं. ती वाहिनी बंद केली, की फांद्या आखडतात आणि टेहळणी कमी होते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. शेजारची पेशी फुटली की तिच्यातलं एटीपी बाहेर सांडतं. एरवी ते ऊर्जेचं चलन. पेशीबाहेर सापडलं तर मात्र धोक्याची खूण. ते मायक्रोग्लियाच्या पी२एक्स७ वाहिनीला उघडतं, पोटॅशियम भराभर बाहेर पडतं, आणि आतलं पोटॅशियम घटलं हाच एनएलआरपी३ या प्रथिनासाठी इशारा ठरतो. मग इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहक द्रव्य तयार होऊन बाहेर सोडलं जातं. प्रयोगात पेशीभोवती मुद्दाम भरपूर पोटॅशियम ठेवलं, तर ते आतून बाहेर जात नाही आणि ही साखळी सुरूच होत नाही. दाह थोडा वेळ टिकला तर उपयोगाचा, कचरा आवरला जातो. रेंगाळला तर झळ चेतापेशींनाच बसते.

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात टी पेशी चेतातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणावर हल्ला करतात. या हल्लेखोर पेशींवर केव्ही १.३ ही वाहिनी (१९८४मध्ये सापडलेली तीच) शांत टी पेशींच्या कितीतरी पट असते. त्यामुळे ती बंद केली तर बाकीची प्रतिकारशक्ती बरीचशी शाबूत राहील, हा तर्क. बूच मिळालं ते कॅरिबियन समुद्रातल्या एका समुद्रफुलाच्या (‘सी अ‍ॅनिमोन’ हा प्राणी) विषात. अडचण एकच: ते विष चेतापेशींतल्या भाऊबंद वाहिनीलाही बंद करतं. रेणूत फेरफार करून ती खोड बरीच काढली गेली, आणि ‘डालाझाटाइड’ हे औषध बनलं. टी पेशींचाच हात असलेल्या सोरायसिस या त्वचाविकाराच्या रुग्णांवरच्या एका लहान चाचणीत त्वचेवरचे चट्टे सुधारले. काहींना तोंडाभोवती आणि हातापायांना तात्पुरत्या मुंग्या आल्या.

पण हे औषध टोचावं लागतं, आणि इतक्या मोठ्या रेणूला रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत सहजी ओलांडता येत नाही. रक्तातल्या टी पेशींना मेंदूत शिरण्याआधीच थोपवायचं असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. भिंतीपलीकडच्या मायक्रोग्लियासाठी मात्र लहान, स्निग्ध रेणू लागतात. पी२एक्स७ अडवणारे असे रेणू बनलेही आहेत. या वाहिनीला रोखणारी आधीची औषधं संधिवातावर वापरून पाहिली होती, तिथे ती फिकी पडली.