आक्रेची भूचित्रे

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, आक्रे राज्यात, प्राचीन रहिवाशांनी जमिनीत खणलेल्या प्रचंड आकृत्या. वर्तुळ, चौरस, झाको सा या स्थळी तर चौरसाच्या पोटात वर्तुळ. आकार साधारण १०० ते ३०० मीटर. खंदक सुमारे ११ मीटर रुंद आणि एवढ्या शतकांचा गाळ साचूनही काही ठिकाणी ४ मीटर खोल. काळ सुमारे २,००० ते ६५० वर्षांपूर्वीचा. किल्ल्याला बाहेरून येताना आधी खंदक लागतो, मग तट. इथे मात्र उपसलेल्या मातीचा बांध बहुधा खंदकाच्या बाहेर आहे. आत वस्तीच्या खुणाही फार थोड्या. त्यामुळे ही विधींसाठी अधूनमधून जमण्याची ठिकाणे असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पहिली नोंद १९७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ओन्देमार दियास यांच्या चमूने केली. पुढे अल्सेऊ रान्झी यांनी विमानातून पाहणी केली आणि साडेचारशेहून अधिक आकृत्या उजेडात आल्या. हे यश मोठे, पण त्याची किंमत जिवाला लागते: गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले गेले, म्हणून त्या दिसल्या.

मग बांधणाऱ्यांनीही असेच रान साफ केले होते का? उत्तर मातीतच होते. भाताच्या पातीने बोट कापते ते तिच्यातल्या सिलिकामुळे. पान कुजते, पण सिलिकाचे सूक्ष्म कण पेशीचा आकार धरून मातीत उरतात आणि त्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. जेनिफर वॉटलिंग आणि सहकाऱ्यांनी खड्ड्यांतून थराथराने माती काढून असे कण तपासले (२०१७). तिथे हजारो वर्षे बांबूचेच रान होते. माणसांनी लहान मोकळ्या जागा केल्या, ताडवर्गीय उपयोगी झाडे वाढू दिली. सरसकट तोड कधीच झाली नाही.

आता झाड न पाडताही शोध घेता येतो. विमानातून सोडलेले लेझर किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात आणि संगणकावर झाडोरा वगळून नुसता उंचसखलपणा पाहता येतो. ॲमेझॉन खोऱ्यातील ५,३१५ चौरस किलोमीटरच्या अशा मोजणीत २४ नवी प्राचीन मातीकामे (खंदक, बांध यांसारखी) सापडली. त्यावरून, संपूर्ण खोऱ्यात अजून १०,००० हून अधिक रानाखाली असावीत, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला.